कमळो, कावीळ आणि रक्ताचे घड्याळ

आमच्या सिल्वासा परिसरात एकाच आजाराची दोन नावे नांदतात. मराठी घरात ती कावीळ, शेजारच्या गुजराती घरात तो कमळो. बाजारात, वापीच्या बसमध्ये, इस्पितळाच्या रांगेत ही दोन्ही नावे एकाच वाक्यात येतात आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. वाटायचे कारणही नाही, कारण दोघेही संस्कृतातल्या ‘कामला’ या एकाच आईची लेकरे आहेत. नावे दोन असली तरी समजूत मात्र दोन्ही घरांत एकच आहे. रोग म्हणजे पिवळेपणा. डोळे पिवळे झाले की रोग चढला, डोळे निवळले की रोग उतरला.

ही समजूत बहुतेक वेळा खपून जाते, पण मोजक्या वेळी ती जीवघेणी ठरते. यकृत एकाएकी निकामी होते तेव्हा घरच्यांचा प्रश्न एकच असतो, ‘माणूस वाचेल का?’ या प्रश्नाचे उत्तर रक्तात शोधण्याचा जो शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, तो मला इथे सांगायचा आहे. माझे आयुष्य रक्त तपासण्याच्या कामात गेले. त्यामुळे या इतिहासातल्या काही गोष्टी मी वाचल्या, तर काही हाताने केल्या.

आधी भगताची गोष्ट निकालात काढू. आपल्याकडे कावीळ उतरवण्याचे दोन प्रकार घरोघर ठाऊक आहेत. एकात रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुववतात आणि पिवळे झालेले पाणी दाखवतात. दुसऱ्यात बारीक कांड्यांची माळ गळ्यात घालतात. ती दिवसेंदिवस लांबत गेली म्हणजे कावीळ उतरली. कांड्या वाळल्या की बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ खुंटीला टांगली तरी लांबते. पण भगताला नुसते हसून भागत नाही. दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ जातीची कावीळ शंभरातल्या जवळजवळ सगळ्या रोग्यांत आपोआप बरी होते. म्हणून माळही लागू पडते, झाडपाल्याचा रसही लागू पडतो आणि डॉक्टरांच्या ताकदीच्या गोळ्यांनाही यश येते. खरा प्रश्न त्या उरलेल्या एखाद-दुसऱ्या रोग्याचा आहे. तो कोण, हे वेळेत कसे ओळखायचे?

जुन्या वैद्यांनी हा प्रश्न टाळला नव्हता. हिपोक्रेटिसने काविळीत यकृत कठीण लागणे हे वाईट लक्षण मानले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामलेचा रोगी कधी दगावतो याची लक्षणे दिली आहेत. अंगावर फार सूज, ओकारीतून रक्त, तंद्री, मोह, भूक मरणे आणि शेवटी शुद्ध हरपणे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, रोगी किती पिवळा आहे यावर या यादीचा भर नाही. तो गुंगतो आहे का, त्याला रक्त पडते आहे का यावर आहे. आजच्या अतिदक्षता विभागातला डॉक्टरही आधी हेच दोन प्रश्न विचारतो. मधल्या काळात आपण सारेच पिवळ्या रंगाकडे पाहत राहिलो. कावीळ झालेल्याला जग पिवळे दिसते म्हणतात. इथे ते पाहणाऱ्यांनाच दिसत राहिले.

आधुनिक वैद्यकाची सुरुवातही रंगापासूनच झाली. पॉल एर्लिच या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३ साली पित्तातल्या पिवळ्या द्रव्याला, म्हणजे बिलिरुबिनला, रंग देणारी रासायनिक क्रिया शोधली. तिच्या आधारे १९१३ च्या सुमारास हॉलंडमधल्या व्हान डेन बर्ग यांनी रक्तातले बिलिरुबिन मोजण्याची रीत बसवली. पिवळेपणाला आकडा मिळाला. पण आकडा मिळाला म्हणजे उत्तर मिळाले असे नाही. पित्ताच्या नळीत खडा अडकलेल्या माणसाचे बिलिरुबिन वीसवर जाते आणि खडा काढला की तो घरी जातो. आमच्या भागातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार बराच आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात, डोळे वरचेवर पिवळट दिसतात, आणि यकृत मात्र बऱ्याचदा आपले काम नीट करत असते. केवळ बिलिरुबिनवर भिस्त ठेवणारा इथे दोन्हीकडून फसतो. भिण्याचे कारण नसताना भितो आणि भ्यायला हवे तेव्हा निर्धास्त राहतो.

दुसरा आकडा आला १९५५ च्या आसपास. अमेरिकेत कारमेन, रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी, तर इटलीत डी रिटिस यांनी पेशी मोडल्यावर रक्तात सांडणारी विकरे मोजायला सुरुवात केली. हीच आपल्या रिपोर्टांतली एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. काविळीत हे आकडे चाळीसवरून दोन-तीन हजारांवर जातात आणि घरचे हादरतात. पुढे ते उतरू लागले की पेढे वाटायची तयारी होते. इथेच मोठा धोका आहे. हे आकडे यकृताच्या किती पेशी मोडत आहेत ते सांगतात. किती शिल्लक आहेत ते सांगत नाहीत. आग विझली की धूर थांबतो, आणि जळायला काही उरले नाही तरीही थांबतो. एस.जी.पी.टी. भराभर उतरते आहे, पण बिलिरुबिन चढते आहे आणि रक्त गोठायला वेळ लागतो आहे, असे तिन्ही एकत्र दिसले तर ती सुधारणा नव्हे. ते यकृत संपत आल्याचे चिन्ह असू शकते.

रक्त गोठण्याचा हा जो वेळ, तोच या कथेचा नायक. १९३५ साली आर्मंड क्विक या अमेरिकन डॉक्टरने रक्त न थांबण्याच्या दोन रोगांचा एकत्र अभ्यास केला, हिमोफिलिया आणि कावीळ. काविळीच्या रोग्यावर शस्त्रक्रिया केली तर रक्त थांबता थांबत नाही, हे शल्यवैद्यांना ठाऊक होते. का थांबत नाही, ते ठाऊक नव्हते. क्विकने सोपी चाचणी बसवली. आज तिला प्रोथ्रॉम्बिन टाइम किंवा नुसते पी.टी. म्हणतात.

मी काम शिकलो तेव्हा ही चाचणी यंत्राने नव्हे, हाताने होत असे. नऊ भाग रक्तात एक भाग सायट्रेटचे द्रावण, म्हणजे रक्त नळीत गोठत नाही. मग ते फिरवून वरचा पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करायचा. नळी ३७ अंशांच्या पाण्यात शेकत ठेवायची. त्यात कॅल्शियम घातलेले थ्रॉम्बोप्लास्टिन टाकायचे; क्विकने ते सशाच्या मेंदूपासून केले होते. टाकता क्षणी स्टॉपवॉच दाबायचे आणि नळी उजेडासमोर हळूहळू कलती करत राहायचे. निरोगी माणसाच्या प्लाझ्मात अकरा ते चौदा सेकंदांत बारीक जाळे धरते आणि द्रव वाहायचा थांबतो. यकृत खचलेल्या रोग्याची नळी कलती करत बसलो की वीस सेकंद जातात, तीस जातात, चाळीस जातात. रोगी समोर नसतो, त्याचे नावही चिठ्ठीवर अर्धेच असते. पण त्या लांबत जाणाऱ्या सेकंदांत त्याची अवस्था हाताला कळते.

हे असे का होते? रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात. त्यांतले सातव्या क्रमांकाचे प्रथिन पाच-सहा तासांत निम्मे संपते. कारखाना बंद पडला की एका दिवसात बाजारात टंचाई दिसावी, तसे हे आहे. उलट अल्ब्युमिन हे दुसरे प्रथिन सुमारे तीन आठवडे टिकते, म्हणून ते जुना हिशेब सांगते. पी.टी. आजचा हिशेब सांगते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. ही प्रथिने बनायला के जीवनसत्त्व लागते आणि पित्त अडले तर ते अन्नातून शोषले जात नाही. म्हणून आधी के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. वेळ सुधारला तर दोष पित्ताच्या वाटेचा. सुधारला नाही तर दोष खुद्द यकृताचा.

पण सशाचा मेंदू सगळीकडे सारखा नसतो. एका प्रयोगशाळेचे तीस सेकंद दुसरीचे बावीस असू शकतात. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९८३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आय.एन.आर. हे गुणोत्तर रूढ झाले. निरोगी माणसाचे ते एकच्या आसपास. आता सिल्वासाचा कागद मुंबईच्या डॉक्टरला वाचता येऊ लागला. छोट्या गावाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

मेंदूच्या गुंगीचा माग मात्र वेगळ्या वाटेने लागला. १८७७ साली एक या रशियन डॉक्टरने कुत्र्याच्या आतड्याकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून नेण्याची शस्त्रक्रिया केली. १८९३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, अशा कुत्र्यांना मांस खायला घातले की ते भ्रमिष्टासारखे वागतात आणि बेशुद्ध पडतात. प्रथिनांतून निघणारा अमोनिया यकृत एरवी निकामी करते. ते झाले नाही की मेंदूला विषबाधा होते. चरकाची ‘तंद्रा’ अशी प्रयोगशाळेत आली.

इतके सारे आकडे हाती असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांचा उपयोग मर्यादित होता. कारण उपायच नव्हता. माणूस जाणार हे कळून डॉक्टर काय करणार होता? प्रश्न बदलला तो यकृत-प्रत्यारोपणामुळे. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली पहिला प्रयत्न केला, १९६७ मध्ये पहिले खरे यश आले, आणि १९८० च्या दशकात ही शस्त्रक्रिया प्रस्थापित झाली. आता चुकीला दोन्हीकडून किंमत आली. आपले आपण बरे होणाऱ्याचे यकृत काढले, तर त्याला जन्मभराच्या औषधांची शिक्षा. जाणाऱ्याची वाट पाहत बसलो, तर मेंदूला सूज येऊन संधी जाते.

फ्रान्समधल्या क्लिशी येथे १९८६ साली बेर्नुओ यांनी पाचव्या क्रमांकाच्या गोठण-प्रथिनाच्या प्रमाणावर निकष बांधला. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये ओ’ग्रेडी आणि सहकाऱ्यांनी १९७३ ते १९८५ या काळातल्या ५८८ रोग्यांची टिपणे तपासून १९८९ साली आपले प्रसिद्ध निकष मांडले. पॅरासिटामॉलच्या विषबाधेसाठी रक्ताची आम्लता हा मुख्य खांब. इतर कारणांसाठी आय.एन.आर. साडेसहाच्या वर, नाहीतर पाचपैकी तीन गोष्टी: वय दहाच्या आत किंवा चाळिशीच्या पुढे, कारण प्रतिकूल, कावीळ दिसल्यापासून गुंगी येईपर्यंत सात दिवसांहून अधिक काळ, आय.एन.आर. साडेतीनच्या वर, आणि बिलिरुबिन साडेसतरा मिलिग्रॅमच्या वर. म्हणजे पिवळेपणा या यादीत आहे, पण पाचातला एक म्हणून. त्याच इस्पितळातल्या बर्नाल यांनी २००२ साली पॅरासिटामॉलच्या रोग्यांत रक्तातल्या लॅक्टेटची भर घातली.

जुनाट यकृतरोगाची वाट निराळी होती. तिथे चाइल्ड आणि टर्कॉट यांनी १९६४ साली आणि प्यू यांनी १९७३ साली गुणांचा तक्ता केला. पुढे २००० आणि २००१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून ‘मेल्ड’ हा अंक आला. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आय.एन.आर. या तीन आकड्यांवर तो बेतलेला आहे. तो मांडणाऱ्यांत पॅट्रिक कामत हे नाव अग्रभागी आहे. आडनाव आपल्या वाचकांना परके वाटणार नाही. फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेत यकृत कोणाला आधी मिळावे, ते या अंकावर ठरू लागले. ओळखीवर नव्हे, रांगेतल्या जुन्या क्रमांकावर नव्हे, तर कोण आधी मरणार आहे यावर.

आता आपल्या मातीकडे येऊ. लंडनचे निकष लंडनच्या रोग्यांवरून बांधलेले. तिथे पॅरासिटामॉल हे मोठे कारण. आपल्याकडे दूषित पाणी. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीचे २९,३०० रोगी झाले आणि गरोदर बायका त्यात अधिक दगावल्या. तो रोग ‘ए’ आणि ‘बी’ दोन्हींपैकी नाही हे १९८० साली सिद्ध होण्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा मोठा वाटा होता. दिल्लीच्या त्या साथीतले आणि १९७५-७६ च्या अहमदाबादच्या साथीतले रक्ताचे नमुने तिथल्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर तपासले. पुढे त्या विषाणूला ‘ई’ हे नाव मिळाले. १९८१ सालची कोल्हापूरची साथ आणि २०१२ सालची इचलकरंजीची साथ याच पाण्याच्या वाटेने आली. आणि १९७४ साली आपल्या उत्तरेला पंचमहाल आणि बांसवाड्याच्या दीडशेहून अधिक आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन ३९७ माणसांना कावीळ झाली, १०६ माणसे गेली. त्या घरांतले कुत्रेही त्याच अन्नाने आजारी पडले. तिथे कोणाचा आय.एन.आर. काढणार होते?

अशा देशाला आपले निकष आपणच शोधावे लागले. दिल्लीच्या एम्समध्ये आचार्य आणि सहकाऱ्यांनी ४२३ रोग्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडे विषाणू हेच प्रमुख कारण आहे आणि कावीळ ते गुंगी हा प्रवास बहुधा फार झपाट्याने होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच संस्थेने २००६ साली धमनीतल्या रक्तातला अमोनिया १२४ मायक्रोमोलच्या वर असेल तर धोका मोठा, असे दाखवले. २०१२ साली त्यांनी जे मांडले ते मला सगळ्यांत मोलाचे वाटते. एकाच दिवसाचा आकडा पाहू नका; बिलिरुबिन, आय.एन.आर., अमोनिया आणि गुंगीची पायरी तीन दिवस पाहा. आकडा चढतो की उतरतो, ते खरे भाकीत. चार तपासण्या आणि तीन दिवस, यात परदेशी यंत्राची मिजास नाही.

आमच्या प्रदेशात आणखी एक कारण आहे, त्याविषयी गप्प बसणे खोटेपणाचे होईल. शेजारी गुजरातेत दारूबंदी, इथे दुकाने उघडी. दारूने सुजलेल्या यकृतासाठी मॅड्रे यांनी १९७८ साली पी.टी. आणि बिलिरुबिन यांचेच एक गणित दिले. बत्तीसच्या वर उत्तर आले तर स्थिती गंभीर. तिथेही गोठण्याचा वेळ आहेच.

आता मूळ मुद्दा. हे सारे आकडे सिल्वासात निघू शकतात. १९५४ साली पोर्तुगीज गेले तेव्हाची आणि आजची स्थिती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विनोबांच्या नावाचे इस्पितळ आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण यकृत बदलण्यासाठी मोठे शहर गाठावे लागते. मुंबई काही तासांच्या अंतरावर आहे, आणि गुंगीत गेलेल्या रोग्याला ते काही तास फार असतात. १९९४ साली अवयव-प्रत्यारोपणाचा कायदा झाला, १९९८ साली दिल्लीत एका तान्ह्या बाळावर देशातले पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण झाले. तरी खर्च आजही सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. ज्या निकषाचा जन्म ‘यकृत कोणाला द्यायचे’ हे ठरवण्यासाठी झाला, तोच निकष जिथे यकृत मिळणारच नाही तिथे नुसता फाशीचा हुकूम होऊन बसतो. वारली किंवा कोकणा बाईच्या उशाशी बसलेल्या नवऱ्याला आय.एन.आर. सात आहे असे सांगून डॉक्टरने काय साधले?

माझे उत्तर असे आहे की, पुष्कळ साधता येते, पण आकडा लवकर सांगितला तर. आय.एन.आर. सात झाल्यावर गाडी शोधणे आणि दीड असताना, रोगी शुद्धीवर असताना, मोठ्या इस्पितळाशी बोलणे यांत एका माणसाच्या जिवाचा फरक असू शकतो. प्रत्यारोपण झाले नाही तरी चांगल्या अतिदक्षता विभागात मेंदूची सूज, साखर कमी होणे आणि जंतुसंसर्ग सांभाळून काही रोगी आपल्याच यकृतावर परत येतात. निकष म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. किंग्जच्या यादीत बसलेले काही वाचले आहेत, न बसलेले काही गेले आहेत. ते घड्याळ आहे, निकालपत्र नाही.

म्हणून दोन्ही भाषांतल्या घरांना काही साध्या गोष्टी सांगतो. काविळीच्या माणसाचा पी.टी. आणि आय.एन.आर. काढला का, हे विचारायला संकोचू नका. गरोदर बाई असेल तर हटकून विचारा. एस.जी.पी.टी. उतरली एवढ्यावर सुटकेचा श्वास टाकू नका. रोगी दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, सही वेडीवाकडी करतो, तर त्याच दिवशी निघा; माळ गळ्यात असेल तर असू द्या, तिच्यासाठी भगताशी भांडण्यात वेळ घालवू नका. रक्तस्राव नसताना नुसता आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्माची पिशवी चढवा असा आग्रह धरू नका. यकृत खचते तेव्हा रक्त गोठवणारी आणि गोठू न देणारी अशी दोन्ही प्रथिने घटतात, म्हणून आकडा वाईट असला तरी रक्त वाहीलच असे नाही. आणि पिशवी दिली की पुढे काही काळ ते घड्याळ खोटी वेळ दाखवते. सगळे कागद तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत ठेवा. पुढच्या डॉक्टरला कालचा आकडा आजच्या आकड्याइतकाच लागतो.

कमळो म्हणा की कावीळ म्हणा, रंग डोळ्यांना दिसतो आणि म्हणून मनात भरतो. नळीतले सेकंद कोणाला दिसत नाहीत, ते मोजावे लागतात. आता ते मोजण्याची सोय आपल्या गावात आली आहे. ते वेळेवर विचारण्याची सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यायची आहे.